प्रादेशिक मुक्त व्यापार करार आणि तैवान

प्रादेशिक करारांबाहेर राहिलेल्या अर्थव्यवस्थेच्या व्यापाराचा अभ्यास बहुधा तैवानच्या आधारे केला जातो. १ जानेवारी २००२ पासून ‘स्वतंत्र सीमाशुल्क क्षेत्र’ म्हणून जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य असल्याने करार करण्याची कायदेशीर क्षमता तैवानकडे आहे. अडसर आहे तो चीनच्या राजकीय विरोधाचा. भारत २०१९ मध्ये ‘आरसेप’ या आशिया-पॅसिफिक देशांच्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटींतून स्वेच्छेने बाहेर पडला, तैवानची स्थिती तशी नाही.

अर्थशास्त्रज्ञ जेकब व्हायनर यांनी १९५० मध्ये मांडलेल्या व्यापार-विचलनाच्या संकल्पनेनुसार, गटातील महाग उत्पादकालाही जकातमाफीमुळे गटाबाहेरच्या स्वस्त उत्पादकाची बाजारपेठ मिळू शकते. तैवानचे यातून किती नुकसान झाले, याविषयी मतभेद आहेत. माहिती तंत्रज्ञानाच्या बहुतेक वस्तूंवरील जकात १९९६ च्या बहुपक्षीय करारान्वये रद्द झाली असून त्या वस्तू, विशेषतः अर्धवाहक (सेमीकंडक्टर), तैवानच्या निर्यातीत मोठा वाटा उचलतात. त्यामुळे नुकसान मर्यादित आहे, असे एक मत आहे. एकूण निर्यातीपुरते ते ग्राह्य वाटते. तथापि यंत्रसामग्री, पेट्रोरसायने, प्लॅस्टिक व वस्त्रोद्योग यांची अडचण सरासरीत झाकली जाते, आणि रोजगाराच्या दृष्टीने हे उद्योग गौण नाहीत.

येथे जकातीच्या दराइतकेच उगमस्थानाचे नियमही, म्हणजे माल कोणत्या देशात तयार झाला असे मानायचे हे ठरवणारे नियमही, महत्त्वाचे ठरतात. ‘सीपीटीपीपी’ या मुख्यतः पॅसिफिक परिसरातील देशांच्या मुक्त व्यापार करारात कपड्यांना सवलत मिळण्यासाठी सामान्यतः सूत, कापड आणि शिलाई ही तिन्ही कामे सदस्य देशांतच व्हावी लागतात. परिणामी व्हिएतनाममधील कारखान्याने तैवानी कापड वापरल्यास जपान वा कॅनडात जाणारा तयार कपडा सहसा सवलतीस मुकतो. म्हणजे तैवानी मालाच्या थेट निर्यातीवर जकात नसली, तरी पुरवठासाखळीतील त्याचे स्थान डळमळते. तैवानी गिरण्यांनी व्हिएतनाममध्ये केलेल्या गुंतवणुकीमागे स्वस्त मजुरीबरोबर हेही एक कारण मानावे लागते.

चीनबरोबरच्या २०१० च्या आर्थिक सहकार्य चौकट करारात ५३९ तैवानी वस्तूंना सवलत मिळाली. सेवा-व्यापार करार मात्र २०१४ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर रखडला, आणि चीनने १५ जून २०२४ पासून १३४ वस्तूंवरील सवलत स्थगित केली. न्यूझीलंड व सिंगापूर यांच्याशी तैवानचे २०१३ मध्ये करार झाले.

‘सीपीटीपीपी’साठी चीनने १६ सप्टेंबर २०२१ रोजी, तर तैवानने २२ सप्टेंबर रोजी अर्ज केला. प्रवेशास सर्व सदस्यांची सहमती लागत असल्याने, चीन आधी सदस्य झाल्यास तैवानचा प्रवेश त्याच्या संमतीवर अवलंबून राहील.