लेना नदी: पाऊस नसताना येणारा पूर

पूर्व सायबेरियात लेनाकाठच्या गावांना मे महिन्यात निरभ्र आकाशाखाली पूर गाठतो. त्याचं मूळ नदीच्या दिशेत आहे. बैकाल सरोवराच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत, सरोवरापासून अगदी जवळ लेना उगम पावते, पण बैकालला न मिळता सुमारे ४,४०० किलोमीटर उत्तरेकडे वाहत आर्क्टिक महासागराच्या लाप्तेव्ह समुद्राला जाते. उगम ५४ अक्षांशाच्या आसपास, मुख ७३ च्या जवळ. त्यामुळे वरच्या भागातला बर्फ मेच्या सुरुवातीलाच सुटतो, तर मुखाकडचा जूनपर्यंत घट्ट असतो.

वरून वितळलेलं पाणी येतं तेव्हा खाली दीड मीटर जाडीचा थर तसाच असतो. फुटलेले तुकडे वळणावर, बेटापाशी किंवा उथळ जागी अडकतात, एकमेकांवर चढतात आणि तळापर्यंत बांध तयार होतो. रशियन भाषेत याला ‘झातोर’ म्हणतात. मागचं पाणी काही तासांत कित्येक मीटर चढतं. बांध सुटला तरी धोका टळत नाही, कारण तीच लाट पुढच्या वळणावर नवा बांध घालते.

मे २००१ मध्ये लेन्स्क शहरात पाण्याची पातळी २० मीटरवर गेली. हिवाळा कडक असल्याने बर्फ नेहमीपेक्षा जाड होता. विमानांतून बॉम्ब टाकून बांध फोडण्याचा प्रयत्न झाला, तरी शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. बॉम्बने पडलेली फट वरून येणारे तुकडे पुन्हा बुजवतात, म्हणून खरं काम आधीच करावं लागतं. धोक्याच्या जागी यंत्रांनी बर्फात लांब चरे पाडतात आणि पृष्ठभागावर कोळशाची भुकटी किंवा राख पसरतात, म्हणजे ऊन शोषून थर लवकर कमकुवत होतो. भुकटीवर ताजं हिम पडलं की मेहनत वाया.

प्रवासाचा इतिहासही याच बर्फाने ठरवला. १६३२ मध्ये प्योत्र बेकेतोव्ह या रशियन कोसॅकने लेनाकाठी किल्ला बांधला, त्यातूनच पुढे याकुत्स्क शहर वाढलं. तेव्हापासून उन्हाळ्यात होडी आणि हिवाळ्यात गोठलेली नदी, असे दोनच रस्ते होते. कठीण असतात ते मधले आठवडे. १८८१ च्या शरदात ‘जीनेट’ या अमेरिकी जहाजावरून बचावलेली कप्तान डी लाँगची तुकडी लेनाच्या त्रिभुज प्रदेशात उतरली. फाट्यांवरचा बर्फ माणसाचं वजन पेलण्याइतका जाड होईपर्यंत तिला थांबावं लागलं. मदतीसाठी पुढे पाठवलेले दोघे वाचले. डी लाँग आणि त्याच्यासोबत राहिलेले सगळे भूक आणि थंडीने मेले.

याकुत्स्कला वापरता येईल असा पूल आजही नाही. बांधकाम चालू आहे. बर्फावरच्या रस्त्याला ‘झिम्निक’ म्हणतात. जाडी मोजून वजनाची मर्यादा हळूहळू वाढवली जाते, थर पातळ असेल तिथे वरून पाणी ओतून तो जाड करतात. भरधाव गाडीमुळे बर्फाखाली लाट उठून थर तडकतो, म्हणून वेग कमी आणि दोन गाड्यांत अंतर ठेवावं लागतं. सीटबेल्ट मात्र सोडून ठेवायचा, कारण गाडी बुडू लागली तर बाहेर पडायला काही क्षणच मिळतात.