सोलापूरच्या उन्हात ॲनिमोन पाळायचा म्हणजे

गेल्या महिन्यात भाचा स्कूटरच्या हूकला पाण्याची पिशवी लटकवून आला, आत दोन बारके निमो, आणि दारातूनच ओरडला, "मामा, यांना घर पायजे, कुठला ॲनिमोन घेऊ?" ॲनिमोन म्हणजे हे मासे ज्याच्या आसऱ्याला राहतात तो समुद्रातला फुलासारखा प्राणी. म्हटलं आत तर ये आधी, चहा घे. या प्रश्नाचं उत्तर मी एक अख्खा मे महिना आणि बऱ्यापैकी पैसे घालवून शिकलोय, ते दारात उभ्या उभ्या कसं सांगणार.

निमो हे दुकानातलं नाव, मासा म्हणजे ऑसेलारिस क्लाउनफिश. क्लाउनफिशच्या साधारण ३० जाती आहेत आणि समुद्रात ॲनिमोनच्या हजाराहून जास्त जाती असल्या तरी या माशांना घरात घेणाऱ्या जाती जेमतेम १० मोजल्या जातात. त्यातही प्रत्येकाची आवड वेगळी. क्लार्की नावाचा क्लाउनफिश या दहाही ॲनिमोनांत राहतो, मरून क्लाउनला एकच चालतो, आणि आपला ऑसेलारिस समुद्रात तीन जातींच्या ॲनिमोनांत सापडतो, मॅग्निफिका, जायगँटिया आणि मर्टेन्सी. आता गंमत बघा, हे तिन्ही घरच्या टाकीत टिकवायला महाकठीण! मर्टेन्सी तर मीटरभराच्या वर पसरू शकतो, म्हणजे आपली चार फुटी टाकी त्याला ताटासारखी.

मला हे माहीत होतं, तरी मी मॅग्निफिका आणला. दुकानदार म्हणाला "काही होत नाही सर", आणि आपल्याला तेच ऐकायचं असतं. मे महिन्यातल्या एका दुपारी लाइट गेली ती संध्याकाळीच आली, टाकीचा थर्मामीटर ३३ दाखवत होता, तिसऱ्या दिवशी ॲनिमोन पांढराफटक आणि आठवड्यात वितळून त्याचा नुसता चिकट गोळा झाला. तो वास अजून आठवतो. मेलेला ॲनिमोन टाकीत सडला की पाण्यात अमोनिया इतका चढतो की मासेही जातात, माझा एक गेला.

पांढरा का पडतो ते समजलं की निवड अर्धी सोपी होते. ॲनिमोन दिसतो फुलासारखा, म्हणून मराठीत समुद्रफूल म्हणतात, पण आहे प्राणी, प्रवाळाचा भाऊबंद. त्याच्या पेशींच्या आत सूक्ष्म शैवाल राहतात, उजेडावर साखर बनवतात आणि त्यातली बरीचशी ॲनिमोनला देतात, थोडक्यात स्वयंपाकी घरातच ठेवलेला. पाणी फार तापलं की त्या शैवालाचं उजेड वापरायचं यंत्र बिघडतं, ऑक्सिजनची घातक रूपं तयार व्हायला लागतात आणि ॲनिमोन स्वयंपाक्याला घराबाहेर काढतो. रंग त्याच्याबरोबर जातो, आणि मग मागे राहते उपासमार. म्हणून दुकानात पांढराशुभ्र, टोकं जांभळी असलेला ॲनिमोन "रेअर आहे" म्हणून दाखवला तर तो बहुतेक वेळा उपाशी असतो हे लक्षात ठेवा. भडक पिवळा किंवा गुलाबी असेल तर कधीकधी चक्क रंगात बुडवलेला असतो.

पाणी २५ ते २७ अंशांत ठेवायचं आणि बाहेर ४३, मग करायचं काय. चिलर, म्हणजे टाकीचं पाणी थंड करणारं यंत्र घ्या, पैसे असतील तर. नसतील तर आपलं कोरडं ऊन इथे कामाला येतं, जे मुंबईवाल्यांच्या नशिबात नाही. घरात कूलर चालतो त्याच हिशोबाने टाकीच्या पृष्ठभागावर छोटा फॅन लावायचा. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना इतकी उष्णता ओढतं की २०० लिटरची टाकी जवळपास ३ अंशांनी थंड होऊ शकते, हवेतून उष्णता परत आत येत राहते म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी, पण फरक कळतो. मुंबईच्या दमट हवेत पाणी तेवढं उडतच नाही. फक्त एक घोळ असतो, पाणी उडतं पण मीठ उडत नाही, त्यामुळे टाकी दिवसागणिक खारट होत जाते, आणि नवीन माणूस काय करतो तर वरून पुन्हा मिठाचं पाणी ओततो. वरचं पाणी गोडं घालायचं, तेही आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून क्षार काढलेलं. उजनीचं नळाचं पाणी सरळ ओतलं तर शेवाळ असं माजतं की काच खरवडून हात दुखतात, आणि पाणी रोज येत नाही म्हणून आरओचा ड्रम भरलेला ठेवायची सवय इथे आपोआप लागते (आरओतून वाया जाणारं पाणी आमच्याकडे फरशीला जातं, नाहीतर घरात भांडण).

एवढं सगळं जमत असेल तर मी भाच्याला एकच नाव सांगितलं, बबल टिप ॲनिमोन. तांबड्या समुद्रापासून पार पॅसिफिकपर्यंत सापडतो, सगळ्यात जास्त जातींचे क्लाउनफिश याच्यात राहतात, आणि टाकीत बरा रुळला की स्वतःच मधून फाटून एकाचे दोन होतो. म्हणजे कुणाच्या तरी टाकीत वाढलेलं पिल्लू मिळू शकतं, समुद्रातून उपटून आणायची गरज नाही. घेताना तोंड घट्ट मिटलंय का आणि पायाची चकती फाटलेली नाही ना तेवढं बघा. ऑसेलारिसचं हे मूळ घर नाही, तरी टाकीत बरेच वेळा स्वीकारतो, कधी तासाभरात, कधी महिने जातात. टाकी मात्र किमान सहा-आठ महिने जुनी हवी, नव्या टाकीच्या पाण्याची घडी बसलेली नसते.

अजून एक, ॲनिमोन चालतो! जागा आवडली नाही की रात्रीतून चकतीवर सरकत निघतो आणि सकाळी वेव्हमेकरच्या (टाकीत लाटा करणाऱ्या पंपाच्या) जाळीत कुटलेला सापडतो. पंपाला स्पंज लावल्याशिवाय ॲनिमोन घरात आणूच नका. कार्पेट ॲनिमोन दिसतो झक्कास पण बाकीचे मासे गिळतो, नवशिक्याने लांबच राहावं. कोंडिलॅक्टिस स्वस्त मिळतो, तो कॅरिबियन बाजूचा, आणि त्या समुद्रात क्लाउनफिशच नाहीत, त्यामुळे ओळख लागली तर नशीब. आणि कोकणात गेल्यावर ओहोटीच्या डबक्यात दिसणारे बारके ॲनिमोन बाटलीत भरून आणायची आयडिया कुणी काढली तर हात जोडून नको म्हणा, ते वेगळे, क्लाउनफिशच्या कामाचे नाहीत.

शेवटी भाच्याला न आवडणारी गोष्ट सांगितली, माशाला ॲनिमोन लागतच नाही. समुद्रात तो लपतो ते मोठ्या माशांपासून, बदल्यात ॲनिमोन कुरतडायला येणाऱ्या फुलपाखरू माशांना हुसकावतो आणि माशाच्या अंगातून बाहेर पडणारा अमोनिया ॲनिमोनच्या शैवालाला खत म्हणून मिळतो. टाकीत शिकारीच नाही तर कशाला लपायचं. आणि ॲनिमोन घ्यायची घाईही नको, नीट सांभाळला तर तो म्हातारा व्हायचं नाव घेत नाही. स्कॉटलंडमध्ये १८२८ साली निसर्ग अभ्यासक जॉन डॅलिएल यांनी किनाऱ्यावरून आणलेला एक साधा ॲनिमोन काचेच्या बरणीत १८८७ पर्यंत जगला, मालक गेले, पुढचे सांभाळणारेही बदलले, लोक त्याला ग्रॅनी म्हणायचे. वीज नाही, पंप नाही, समुद्राचं पाणी तेवढं बदलत होते.

भाचा थोडा हिरमुसला. मग त्याला माझी टाकी दाखवली. बबल टिप कोपऱ्यातल्या दगडावर मस्त फुगलेला, आणि माझी जोडी त्याच्याकडे ढुंकूनही न बघता तुळशीच्या फुटक्या कुंडीत, थोरली मादी आत, नर बाहेर राखणीला. त्याने बोट काचेला लावलं तर मादी सरळ चावायला आली.

"मामा, कुंडी आहे का अजून एखादी?"