उभ्या गाडीचा हप्ता

यावलजवळच्या आमच्या गावी काकांच्या अंगणात कडुनिंबाखाली एक छोटी पेट्रोल गाडी ताडपत्री पांघरून उभी असते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळींना आणायला, लग्नसराईत, नाहीतर कोणाला तातडीने जळगावच्या दवाखान्यात न्यायचं झालं तरच ती बाहेर निघते. शेतात जायला मोटारसायकल आहे, मालाला ट्रॅक्टर. गेल्या खेपेला विमा रिन्यू करताना मी मीटर पाहिलं, तर वर्षभरात गाडी जेमतेम २,८०० किलोमीटर फिरलेली. तेच मॉडेल, त्याच वर्षाचं, माझ्या मित्राकडे आहे आणि तो रोज भुसावळ-जळगाव ये-जा करतो. विम्याचा हप्ता दोघांचा जवळजवळ सारखाच. काकांनी विचारलं, "गाडी उभी, तर पैसे कशाचे?"

याचं उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा ठरवला आणि १९४६ पासून ती सक्ती अमलात आली. गाडीमुळे रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाला इजा झाली तर त्याला भरपाई मिळावी, हा त्यामागचा हेतू. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, ज्याला एजंट ओडी म्हणतात, तो ऐच्छिक. १ जानेवारी १९७३ ला सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं, शंभरावर कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. दर ठरवायचं काम टॅरिफ अॅडव्हायजरी कमिटीकडे होतं. देशभर एकच दरपत्रक, त्यामुळे चार ठिकाणी चौकशी करूनही आकडा तोच यायचा.

हे दरपत्रक उघडून पाहिलं की काकांच्या प्रश्नाचं मूळ सापडतं. २००२ च्या दरपत्रकात खासगी गाडीचा ओडी हप्ता चार गोष्टींवर ठरे: गाडीची किंमत, इंजिनाचे सीसी, गाडीचं वय आणि नोंदणीचं ठिकाण. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरं 'अ' विभागात, उरलेला सगळा देश 'ब' विभागात. म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार 'ब' मध्ये. हजार सीसीपर्यंतच्या, पाच वर्षांच्या आतल्या गाडीला 'अ' विभागात ३.१२७ टक्के आणि 'ब' विभागात ३.०३९ टक्के दर होता. चार लाख किंमत धरली तर पुण्यात १२,५०८ रुपये आणि जळगावात १२,१५६. पुण्यातल्या गर्दीत रोज घासणारी गाडी आणि आमच्या निंबाखालची गाडी यांच्यात फरक किती, तर वर्षाला ३५२ रुपये. किलोमीटरचा रकाना त्यात नव्हताच.

त्याला कारणही होतं. किंमत, सीसी आणि वय कागदावर सापडतं, किलोमीटर मात्र कोणीतरी जाऊन वाचावे लागतात. मीटर मागे फिरवणं तर जुन्या गाड्यांच्या बाजारात कोणालाच नवीन नाही. कागदावर चालणाऱ्या विम्याने कागदावर जे होतं तेच मोजलं.

तरीही त्याच दरपत्रकात उभ्या गाडीसाठी एक सवलत होती, आणि ती फार कमी लोकांना कोणी सांगितली याचं मला खरोखर वाईट वाटतं. गाडी सलग किमान दोन महिने बंद ठेवणार असाल तर कंपनीला आधी लेखी कळवायचं. मग त्या काळापुरतं आग, चोरी, दंगल, पूर अशा जोखमींचं संरक्षण चालू राहायचं, बाकीचं थांबायचं आणि हप्त्याचा काही भाग पुढच्या वर्षी वजा व्हायचा. पण आपल्याकडे गाडी महिनाभर उभी राहते, एका लग्नाला निघते आणि परत उभी राहते. शिवाय त्या दोन महिन्यांत रात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर विमा नाही. गावातल्या गरजेला ही सवलत पुरी पडणारी नव्हती.

जितकी गाडी फिरेल तितकाच हप्ता, हा विचार १९६८ मध्ये अमेरिकेतल्या विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने नेटकेपणाने मांडला. प्रत्येक किलोमीटरला अपघाताची शक्यता वाढते, तर हप्ताही किलोमीटरमागे हवा, असं त्यांचं म्हणणं. मीटरची भानगडच नको म्हणून त्यांनी हप्ता टायरच्या किंवा पेट्रोलच्या किमतीतच घालावा असं सुचवलं. टायर झिजलं की विमा संपला. विक्रींना १९९६ मध्ये नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांत ते वारले. कॅलिफोर्नियात १९८८ मध्ये मतदारांनी कौल देऊन वार्षिक मैलांना हप्त्याच्या पहिल्या तीन निकषांत बसवलं. पुढे प्रोग्रेसिव्ह या विमा कंपनीने टेक्सासमध्ये उपग्रहाच्या मदतीने गाड्यांचा वापर मोजून पाहिला. ब्रिटनमध्ये नॉर्विच युनियन या विमा कंपनीने २००६ मध्ये अशी योजना आणली आणि २००८ मध्ये गुंडाळली.

आपल्याकडे १ जानेवारी २००७ पासून ओडीचे दर खुले झाले. सवलतींची चढाओढ लागली, पण हिशोब त्याच जुन्या रकान्यांवर. २०१९ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने कंपन्यांना नव्या कल्पना मर्यादित प्रमाणात आजमावायची मुभा दिली, आणि २०२० च्या टाळेबंदीत शहरातल्या गाड्याही महिनोन्महिने उभ्या राहिल्या. काकांचा प्रश्न तेव्हा शहरांतही विचारला गेला. शेवटी ६ जुलै २०२२ ला आयआरडीएआयने ओडी विम्यात किती चालवता आणि कशी चालवता यावर आधारलेली जोड-संरक्षणं, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडून घ्यायचे अॅड-ऑन, विकायला परवानगी दिली.

'किती चालवता' या प्रकाराचा व्यवहार सोपा आहे. वर्षाचे किलोमीटर आधी निवडायचे, मीटरचा फोटो पाठवायचा, त्या प्रमाणात ओडीत सवलत घ्यायची. ठरलेले किलोमीटर संपत आले की वाढवून घ्यायचे. न वाढवता गाडी पुढे गेली तर दाव्याचं काय, हे प्रत्येक कंपनीच्या अटींत वेगळं आहे. सही करण्याआधी ती एक ओळ वाचलीच पाहिजे.

यंत्राच्या आकड्यावर पैसे ठरणं खानदेशाला नवं नाही. रावेर-यावलचा केळी उत्पादक हवामानावर आधारित फळपीक विमा काढतो. थंडीत पारा किती उतरला ते महसूल मंडळातलं हवामान केंद्र सांगतं आणि त्यावर भरपाई ठरते. बाग आपल्या डोळ्यांसमोर करपते, केंद्राचा आकडा मात्र वेगळंच सांगतो, हे भांडण आमच्या भागात घरोघरी माहीत आहे. म्हणून 'कशी चालवता' या प्रकाराबद्दल मला शंका आहे. फैजपूर रस्त्यावर ट्रॉलीमागून शेळी आडवी आली आणि काकांनी करकचून ब्रेक मारला, तर मोबाइलमधल्या अॅपला फक्त ब्रेक कळतो, शेळी कळत नाही. किलोमीटर मात्र ज्याचे त्याला वाचता येतात आणि पडताळताही येतात. म्हणून काकांसाठी मी तोच प्रकार घेतला.

पॉलिसी आली तेव्हा काकांनी चष्मा लावून दोन्ही रकाने तपासले. ओडीचा आकडा उतरला होता. थर्ड पार्टीचा तसाच होता, कारण तो दर सरकार ठरवतं: १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे हजार सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला २,०९४ रुपये, गाडी २,८०० किलोमीटर फिरो की २८,०००. आणि दुसऱ्याला धक्का लागायची शक्यता तर किलोमीटरबरोबरच वाढते. विक्रींचं म्हणणं या रकान्याला सगळ्यात आधी लागू पडतं, तिथेच ते अजून पोचलेलं नाही. काकांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.