ऑफ-रोड गाड्यांच्या ॲक्सेसरी घरी बनवून विकायच्या तर गोव्यात कुठले कागद लागतात?

घरच्या पडवीत शिलाई मशीन किंवा वेल्डिंगचा संच मांडून थार, जिमनी, जिप्सी, गुरखा या गाड्यांसाठी वस्तू बनवणं हा चांगला जोडधंदा आहे. गोव्यात गिऱ्हाईक दोन प्रकारचं मिळतं. पहिले हौशी, पावसाळ्यात चिखल तुडवायला निघणारे. दुसरे रेंट-अ-कॅबवाले, काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या थार भाड्याने देणारे. परवान्यांची यादी मात्र सगळ्यांना एकच नसते. ती वस्तूवरून ठरते, म्हणून पंचायतीत जाण्याआधी वस्तू पक्की करा.

आधी वस्तू

गाडीला कायमची जोडली न जाणारी वस्तू बनवली तर निम्मा त्रास वाचतो. कॅनव्हासचा टूल रोल, रिकव्हरीच्या म्हणजे रुतलेली गाडी ओढून काढायच्या सामानाची पिशवी, ताडपत्रीची ऑनिंग (गाडीला लावून ताणायचं छत), डिकीत बसणारे प्लायवूडचे ड्रॉवर, चिखलात जॅक रुतू नये म्हणून खाली ठेवायची पाटी, या वस्तूंना वाहतूक खात्याची हरकत येत नाही. सीटच्या पाठीला अडकवायचा ऑर्गनायझरही चालतो. मात्र साइड एअरबॅग असलेल्या सीटला बाजूने घट्ट शिवलेलं कव्हर करू नका. एअरबॅग सीटच्या त्याच बाजूने बाहेर यायची असते.

बुल बार, म्हणजे गाडीच्या पुढे लावायचा लोखंडी गार्ड, बनवायचा विचार असेल तर सोडून द्या. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सगळ्या राज्यांना पत्र पाठवून बुल बार आणि क्रॅश गार्डवर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली कारवाई करायला सांगितलं. कंपनीने नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, असं हे कलम सांगतं. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच उचलून धरलं. याच कायद्याच्या कलम १८२ए प्रमाणे असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. विकणाऱ्याने त्याच कलमाचं तिसरं उपकलम वाचून ठेवावं. सरकारने सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा म्हणून अधिसूचित केलेला भाग मानकात न बसता विकला, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दर नगामागे १ लाख रुपये दंड आहे.

चाकाच्या रिमलाही हात लावू नका. रिमसाठी बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) मानकाचा गुणवत्ता नियंत्रण आदेश आहे आणि आयएसआय चिन्हाशिवाय त्या विकता येत नाहीत. पुढच्या बाजूला स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावायला केंद्रीय मोटार वाहन नियम १११ मनाई करतो. म्हणजे लाइट बार बसवायचा ब्रॅकेट विकणारा अप्रत्यक्षपणे गिऱ्हाइकाला चलनच विकत असतो. रेंट-अ-कॅबवाले या बाबतीत जास्त सावध असतात, कारण त्यांची गाडी व्यावसायिक आहे. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी ती पासिंगला उभी राहते, आणि बोल्ट मारून बसवलेली वस्तू तिथे आधी दिसते. बोल्ट काढून पाच मिनिटांत मोकळी होणारी वस्तू या गिऱ्हाइकाला जास्त पटते.

रिकव्हरीची दोरी आणि सॉफ्ट शॅकल (लोखंडी कडीऐवजी वापरायचा दोरीचा फास) घरी विणता येतात, पण त्यांच्यावर आकडा छापताना हात आखडता घ्या. तुटण्याचा भार आणि सुरक्षित कामाचा भार हे दोन वेगळे आकडे आहेत. दोरीच्या रिळावर छापलेला भार सरळ दोरीचा असतो, गाठ आणि वळण आलं की तो घटतो. विणून तयार झालेल्या नगाची प्रयोगशाळेत ताण-चाचणी केल्याशिवाय '५ टन' असं लिहू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादकाचं दायित्व नावाचं वेगळं प्रकरण आहे. तुम्ही स्पष्ट शब्दांत हमी दिली आणि वस्तू तिला उतरली नाही, तर तुमचा निष्काळजीपणा सिद्ध न होताही भरपाई तुमच्याच माथी येऊ शकते.

मग जागा, आणि अर्ज इथेच अडकतात

गावात राहत असाल तर धंद्याचा परवाना ग्रामपंचायत देते, शहरात नगरपालिका, पणजीत महापालिका. अर्जासोबत आधार, पॅन, चालू वर्षाची घरपट्टीची पावती, वीजबिल, जागेचा साधा आराखडा आणि काय बनवणार याचं अर्ध्या पानाचं वर्णन द्या. वर्णनात यंत्रं मोजून लिहा: एक औद्योगिक शिलाई मशीन, एक बेंच ड्रिल, एक अँगल ग्राइंडर. नुसतं 'वाहनांच्या ॲक्सेसरीचं उत्पादन' असं लिहिलं की सचिवाला गॅरेज दिसतं आणि शेजाऱ्याला कारखाना. अर्ज पंचायतीच्या पंधरवड्याच्या बैठकीत येतो. एक कागद कमी पडला की पुढच्या बैठकीची वाट पाहावी लागते. परवाना दरवर्षी नवा करावा लागतो.

खरी अडचण मालकीची असते. गोव्यातली बरीच जुनी घरं आजोबांच्या नावावर असतात, इन्व्हेंटरी (वारसांमध्ये वाटणीची न्यायालयीन कारवाई) झालेली नसते आणि हिस्सेदार मुंबईपासून लिस्बनपर्यंत पसरलेले असतात. घरपट्टी तुमच्या नावावर नसेल तर ज्याच्या नावावर आहे त्याचं ना हरकत पत्र घ्या. ती व्यक्ती हयात नसेल तर वारसांची संमती जोडा. भाड्याच्या जागेसाठी भाडेकरार आणि घरमालकाचं पत्र लागतं. मुंडकाराच्या (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या) घरात राहत असाल तर भाटकाराशी, म्हणजे जमीनमालकाशी, वाद होण्याआधीच कागद साफ करून घ्या. घराबाहेर भाटात (बागायतीच्या जमिनीत) वेगळी शेड घालणार असाल तर जमीन बिगरशेती करून घेतल्याची सनद लागते. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा उतारा) नाव आहे म्हणून शेड घालता येत नाही.

नावांचं स्पेलिंग हा गोव्याचा खास घोळ आहे. जुन्या कागदांवर प्रभूचं पोरोबो आणि कामतचं कामोती झालेलं असतं, आधारवर भलतंच असतं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरीपुढे केलेलं प्रतिज्ञापत्र आधीच बनवून ठेवा. ते पंचायतीत, जीएसटीला आणि बँकेतही कामाला येईल.

वीज आणि आवाज

घरगुती मीटरवर वेल्डिंग करून माल विकणं हा विजेचा अनधिकृत वापर ठरतो. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अशा वापराची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते, आणि वापर कधीपासून सुरू झाला हे कळलं नाही तर तपासणीआधीचे १२ महिने धरले जातात. वीज खात्याकडे जोडणीचा प्रकार आणि मंजूर भार बदलून घेण्याचा अर्ज करा. सोबत पंचायतीचा परवाना द्यावा लागतो, म्हणून तो आधी मिळवा.

प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रदूषणाच्या प्रमाणानुसार उद्योगांचे लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा असे गट करतं. वरच्या गटांना मंडळाची संमती लागते, पांढऱ्या गटाने मंडळाला नुसतं कळवलं तरी पुरतं. रंगकाम, उष्णता-प्रक्रिया किंवा धातूच्या पृष्ठभागावरची प्रक्रिया न करता केलेलं कोरडं फॅब्रिकेशन याच पांढऱ्या गटात येतं. घरीच स्प्रे पेंट किंवा गॅल्व्हनायझिंग सुरू केलं की गट चढतो आणि निवासी भागात ते निभावत नाही. त्यापेक्षा कापणं आणि वेल्डिंग घरी करा, पावडर कोटिंग संमती असलेल्या युनिटकडून करून घ्या आणि त्याची बिलं जपून ठेवा. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे. अँगल ग्राइंडर ती सहज ओलांडतो. परवाना रद्द करा म्हणून पंचायतीत येणारी तक्रार बहुधा दुपारच्या झोपेच्या वेळेची असते, हे लक्षात ठेवून कामाचे तास ठरवा.

उद्यम नोंदणी

ही सगळ्यात सोपी पायरी आहे. केंद्र सरकारच्या उद्यम पोर्टलवर आधार आणि पॅन घालून ओटीपीने नोंदणी होते. एकही कागद चढवावा लागत नाही, शुल्क नाही, नूतनीकरण नाही. पैसे मागणारं संकेतस्थळ सरकारी नाही, ते लगेच बंद करा. आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर ओटीपी येत नाही, अडलं तर इथेच अडतं. एनआयसी कोड (धंद्याचा प्रकार सांगणारा क्रमांक) निवडताना बंपर, दारं असे बॉडीचे भाग बनवणाऱ्यांसाठी २९३०२ आहे. शिलाईचं काम असेल तर कापडी वस्तूंचा कोडही जोडा, एकाहून जास्त कोड घेता येतात. १ एप्रिल २०२५ पासून २.५ कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म गटात बसतो.

एक खबरदारी. पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) सारख्या अनुदान योजनेतून कर्ज घ्यायचं असेल तर धंदा सुरू करण्याआधी अर्ज करा. ही योजना फक्त नव्या युनिटसाठी आहे आणि नवरा-बायको मिळून एकालाच लाभ मिळतो. १० लाखांवरच्या उत्पादन प्रकल्पासाठी अर्जदार किमान आठवी पास असावा लागतो. मशीन आधी घेऊन मग अनुदान मागणाऱ्याचा अर्ज परत येतो.

जीएसटी कधी लागतो

फक्त गोव्यात माल विकत असाल तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. पण बिलावर एकच कुरिअर बेळगावला किंवा सावंतवाडीला गेलं की मर्यादा गळून पडते. परराज्यात माल पुरवणाऱ्याला पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची आहे. गोव्यासारख्या चिमुकल्या राज्यात सीमेपलीकडचं गिऱ्हाईक टाळून हा धंदा चालवणं कठीण, त्यामुळे नोंदणी सुरुवातीलाच करून टाकलेली बरी. कंपोझिशन या लहान धंद्यांसाठीच्या सोप्या कर योजनेत उत्पादकाला उलाढालीवर १ टक्का कर असतो, पण त्यात परराज्यात विकता येत नाही आणि खरेदीवरचा कर वजा मिळत नाही.

अर्जाला फोटो, पॅन, आधार आणि जागेचा पुरावा लागतो. जागा आईवडिलांच्या नावावर असेल तर संमतीपत्र, त्यांचं ओळखपत्र आणि वीजबिल किंवा घरपट्टीची पावती जोडा. वीजबिलावरचा घर क्रमांक आणि घरपट्टीवरचा क्रमांक जुळत नसेल तर अधिकारी खुलासा मागतो. उत्तर सात कामकाजाच्या दिवसांत द्यावं लागतं. ही सूचना ईमेलवर येते आणि तिथेच विसरली जाते. क्रमांक मिळाल्यावर ३० दिवसांच्या आत, आणि पहिलं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) भरण्याआधी, बँक खातं जोडा, नाहीतर नोंदणी स्थगित होऊ शकते.

वाहनांचे सुटे भाग आणि ॲक्सेसरी ८७०८ या एचएसएन (मालाच्या वर्गवारीचा क्रमांक) शीर्षाखाली येतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांच्यावर १८ टक्के कर आहे, आधी तो २८ होता. पण गाडीत वापरली जाते म्हणून प्रत्येक वस्तू ८७०८ मध्ये जात नाही. हत्यारांची पिशवी ४२०२ मध्ये आणि ताडपत्री, ऑनिंग ६३०६ मध्ये येते. सरसकट ८७०८ लावणं ही या धंद्यातली नेहमीची चूक आहे.

पाकिटावर काय छापायचं

आधीच बांधून ठेवलेलं पाकीट विकलं की वजन-माप खात्याचे नियम लागू होतात. पाकिटावर उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता, वस्तूचं साधं नाव, नगांची संख्या, बनवल्याचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह एमआरपी आणि तक्रारीसाठी फोन व ईमेल छापा. पाकिटात एकच नग असेल तर प्रति नग किंमत वेगळी लिहायला नको. पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत खात्याकडे ५०० रुपये भरून उत्पादक म्हणून नोंद करा. ऑनलाइन विकताना यातला तपशील वस्तूच्या पानावरही दाखवावा लागतो. लेबल कागदाचं असेल तर त्यावर पारदर्शक टेप लावा. जूनच्या दमटपणात शाई पसरून एमआरपी वाचता येईनाशी होते.

'थारसाठी' असं लिहायला हरकत नाही, वस्तू कशाला बसते हे सांगणं कायद्याने चालतं. गाडीचा लोगो छापणं किंवा तिचं नाव स्वतःच्या ब्रँडमध्ये घुसवणं चालत नाही. स्वतःचं नाव ट्रेडमार्क करायचं तर वाहनांच्या भागांसाठी वर्ग १२ आहे. ऑनलाइन अर्जाचं शुल्क व्यक्तीला आणि लघुउद्योगाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. गोव्याचे अर्ज मुंबईच्या रजिस्ट्रीकडे जातात. आणि जाहिरातीच्या फोटोसाठी जीप किनाऱ्यावर घालू नका, गोव्यात ते बेकायदा आहे.

शेवटी आयकर. पोर्तुगीज नागरी संहितेची संपत्ती-भागीदारी लागू असलेल्या गोमंतकीय जोडप्याचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं-निम्मं विभागून दाखवावं लागतं. १९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम ५ए मध्ये होतं. म्हणजे धंदा एकाच्या नावावर असला तरी विवरणपत्रं दोघांची भरली जातात. जोडीदाराचं पॅन नसेल तर ते पहिल्याच वर्षी काढा. गोव्याबाहेरच्या सल्लागाराला ही तरतूद अनेकदा ठाऊक नसते, तेव्हा विवरणपत्र भरून घेताना तुम्हीच आठवण करा.