सॅफोचे दोन इतिहास: संहितेचा आणि स्वीकाराचा

प्राचीन ग्रीक साहित्याच्या अभ्यासात संहितेचा इतिहास आणि स्वीकाराचा इतिहास अशी दोन कामे शेजारी शेजारी चालतात, आणि बहुतेक वेळा एकच अभ्यासक ती दोन्ही करत असल्यामुळे वाचकाला ती एकच वाटू लागतात. कवीने नेमके काय लिहिले, ते कोणत्या हस्तलिखितांतून आणि कोणाच्या उद्धरणांतून आपल्यापर्यंत आले, वाटेत काय गळले आणि काय मिसळले, हे संहितेच्या इतिहासाचे प्रश्न आहेत. नंतरच्या पिढ्यांनी ते साहित्य कसे वाचले, कसे भाषांतरित केले, त्याभोवती कोणत्या कथा रचल्या आणि त्यातून स्वतःचे नवे काय घडवले, हे स्वीकाराचा इतिहास पाहतो. दोन्हींत पुरावा लागतो, पण तो निरनिराळ्या गोष्टींचा असतो. हा फरक समजून घेण्यासाठी इसवी सनापूर्वी सहाशेच्या सुमारास लेस्बॉस बेटावर होऊन गेलेल्या ग्रीक कवयित्री सॅफोइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

अलेक्झांड्रियाच्या पंडितांनी तिच्या कवितांची आठ किंवा नऊ ग्रंथांत मांडणी केली होती. त्यांतील पहिल्याच ग्रंथात १३२० ओळी होत्या, अशी नोंद एका पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्यापासून बनवलेल्या प्राचीन कागदाच्या, अखेरीस सापडली आहे. आज सगळे तुकडे मिळूनही त्याच्या निम्म्याएवढ्याच ओळी कशाबशा हाती लागतात, आणि त्यांतही अनेक ओळी म्हणजे एखाद-दुसरा शब्द असतो. मग उरलेले कोठे गेले? अनेक लोकप्रिय लेखांत याचे उत्तर ठामपणे दिलेले असते की, पोप सातव्या ग्रेगरीच्या आज्ञेने १०७३ मध्ये तिचे ग्रंथ जाळण्यात आले. ही कथा संहितेचा इतिहास म्हणून सांगितली जाते, पण तिला समकालीन पुरावा नाही. ती प्रबोधनकाळात, म्हणजे कित्येक शतकांनंतर, प्रचारात आलेली दिसते. संहितेच्या अभ्यासकाला सापडणारे कारण यापेक्षा साधे आणि माझ्या मते अधिक दुःखद आहे. सॅफोची इओलियन बोली पुढच्या वाचकांना कठीण वाटू लागली, शाळांमध्ये अथेन्सच्या बोलीला मान मिळाला, आणि पपायरसच्या गुंडाळ्यांवरचे साहित्य बांधलेल्या पुस्तकांत उतरवले जात असताना ज्या कवीला वाचक कमी त्याच्या नकलाही कमी झाल्या. जाळण्याची कथा मात्र स्वीकाराच्या इतिहासात मोलाची ठरते, कारण प्रबोधनकाळातील विद्वानांना हरवलेल्या ग्रंथांबद्दल काय वाटत होते आणि ते दोष कोणाला देत होते, हे तिच्यातून कळते.

संहितेचे काम प्रत्यक्षात कसे चालते, हे तिच्या वार्धक्यावरील कवितेच्या उदाहरणातून सर्वांत स्पष्ट होते. इजिप्तमधील ऑक्सिरिंकस या गावाच्या उकिरड्यांत ग्रेनफेल आणि हंट या इंग्रज अभ्यासकांनी १८९६-९७ च्या हिवाळ्यात उत्खनन सुरू केले आणि तेथून सॅफोचे अनेक तुकडे बाहेर आले. त्यांपैकी १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पपायरसवर या कवितेच्या ओळींची फक्त उजवीकडची टोके शिल्लक होती. गुडघे आता पेलत नाहीत, एके काळी ते हरणाच्या पाडसांसारखे नाचत असत, असे काहीसे त्यातून जाणवत होते, पण वाक्ये जुळत नव्हती. पुढे २००४ मध्ये कलोन विद्यापीठाच्या संग्रहातील एक पपायरस प्रसिद्ध झाला. तो इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या आरंभीचा, म्हणजे ऑक्सिरिंकसच्या प्रतीपेक्षा कित्येक शतके जुना आहे, आणि त्याच्यावर याच ओळींचे दुसरे भाग होते. दोन्ही शेजारी ठेवताच बारा ओळी जवळजवळ पूर्ण झाल्या. उषादेवीने तिथोनस या आपल्या मर्त्य प्रियकराला पृथ्वीच्या टोकापर्यंत नेले, त्याची पत्नी अमर होती, तरी म्हातारपणाने त्याला गाठलेच, येथवर ती कविता येते. कलोनच्या प्रतीत त्यानंतर वेगळीच कविता सुरू होते. ऑक्सिरिंकसच्या प्रतीत मात्र आणखी चार ओळी आहेत आणि त्या सूर्याच्या व सौंदर्याच्या प्रेमाकडे वळतात. कविता तिथोनसपाशी संपते की त्या चार ओळींपाशी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. शेवट कोठे मानावा याप्रमाणे कवितेचा सूर विषण्ण राहतो किंवा सावरतो, म्हणून हा वाद मला केवळ तांत्रिक वाटत नाही.

स्वीकाराच्या बाजूला सॅफोच्या अनेक प्रतिमा उभ्या आहेत. फाओन नावाच्या नावाड्याच्या प्रेमात निराश होऊन तिने ल्यूकसच्या कड्यावरून समुद्रात उडी घेतली, ही कथा ग्रीक सुखात्मिकेत दिसते, आणि रोमन कवी ओव्हिडच्या नावावरील लॅटिन काव्यपत्रामुळे ती युरोपभर पोहोचली. विलामोविट्झ या थोर जर्मन पंडिताने १९१३ मध्ये तिला मुलींना शिक्षण देणारी सदाचारी गुरू म्हणून रंगवले, कारण त्याला तिच्या अब्रूचे रक्षण करायचे होते. तिच्या तुकड्यांत ना उडीचा पुरावा आहे, ना शाळेचा. तरीही या प्रतिमांना निव्वळ चुका म्हणून बाजूला सारणे मला मान्य नाही. त्या सॅफोविषयी फारसे सांगत नसल्या, तरी आपापल्या काळाविषयी विश्वसनीय साक्ष देतात. मराठी वाचकाला हा विवेक अपरिचित नसावा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात वि. सी. सुकथनकरांनी युरोपीय पाठचिकित्सेची, म्हणजे हस्तलिखितांची तुलना करून मूळ पाठ ठरवण्याची, शिस्त महाभारताला लावली, आणि १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वात गणेश लेखक झाल्याची कथा मूळ संहितेत न ठेवता परिशिष्टात दिली. त्यामुळे ती कथा खोटी ठरून नाहीशी झाली नाही. तिची जागा फक्त निश्चित झाली.

एवढे असूनही या दोन अभ्यासांमधील सीमा अभेद्य नाही, कारण संहिता सिद्ध करणारा संपादक स्वतःही एका काळाचा वाचक असतो. सॅफोची प्रेमदेवता आफ्रोडायटीला केलेली प्रार्थना ही पूर्ण टिकलेली एकमेव कविता हॅलिकार्नॅससच्या डायोनिसियस या ग्रीक समीक्षकाने शैलीचा नमुना म्हणून उद्धृत केल्यामुळे वाचली. तिच्यात देवी वचन देते की आज दूर पळणारी व्यक्ती उद्या, इच्छा नसतानाही, प्रेम करील. ती व्यक्ती स्त्री आहे हे ग्रीकमध्ये एका धातुसाधिताच्या (क्रियापदापासून बनलेल्या विशेषणाच्या) शेवटच्या स्वरावर अवलंबून आहे, आणि नेमक्या त्याच ठिकाणी हस्तलिखिते भ्रष्ट आहेत. ॲम्ब्रोज फिलिप्सच्या १७११ च्या इंग्रजी भाषांतरात ती व्यक्ती पुरुष आहे. एकोणिसाव्या शतकात थिओडोर बेर्कने स्त्रीलिंगी पाठ सुचवला आणि तोच आज बहुतेक आवृत्त्यांत छापला जातो. येथे एका अक्षराच्या निर्णयाने पुढचा सारा स्वीकार बदलला, आणि त्या आधीच्या स्वीकारामुळे तो निर्णय व्हायला इतका वेळ लागला, असे मी समजतो.

याच सीमेवर चौकोनी कंसही उभा आहे. एफा-मारिया फोइग्टच्या १९७१ च्या संपादित आवृत्तीत त्याचा अर्थ काटेकोर आहे: येथे पपायरस फाटला आहे. कॅनडाच्या कवयित्री आणि ग्रीकच्या अभ्यासक ॲन कार्सन यांनी २००२ च्या आपल्या इंग्रजी भाषांतरात, जे फोइग्टच्याच संहितेवर आधारलेले आहे, हाच कंस पानावर मोकळ्या जागेसह ठेवला. पण प्रत्येक फाटलेली जागा आपण दाखवलेली नाही, त्या घटनेकडे निर्देश करणारी ती सौंदर्याची खूण आहे, हे त्यांनी प्रस्तावनेत स्पष्ट केले. म्हणून त्यांच्या पानावरील कंस मोजून मूळ पपायरसची अवस्था ठरवता येत नाही, आणि फोइग्टच्या पानावरील कंसांना मौनाचे काव्य म्हणणे ही आपली भर ठरते. शिवाय कार्सन यांचे भाषांतर २००४ च्या आधीचे असल्यामुळे त्यात वार्धक्यावरील कविता तुटकच राहिली आहे. तेव्हा सॅफोचे कोणतेही भाषांतर हाती घेताना ते कोणत्या संहितेवरून केले आहे आणि कलोनचा पपायरस प्रसिद्ध होण्यापूर्वीचे आहे की नंतरचे, हे प्रथम पाहावे.