पायथनमधून बाहेरची कमांड: स्ट्रिंग कुठून आली, लिस्ट कुठून आली

मोर्शी तालुक्यातल्या आमच्या सेंटरवर उबुंटूचं मशीन आहे, त्यावर लोकांचे स्कॅन केलेले पीडीएफ मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या छोट्या स्क्रिप्टने घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफ हाताळणाऱ्या प्रोग्रामला देऊन लहान करतो. आंबिया बहाराच्या विम्याचे दिवस होते, बाहेर लाइन लागलेली, अन् ‘सातबारा नवीन’ नावाच्या फाइलीवर काम अडलं. ओएस डॉट सिस्टीम वापरलं होतं, म्हणजे पायथनचं ते फंक्शन ज्याला पूर्ण कमांड एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एका सलग मजकुरात, द्यावी लागते. नावात स्पेस, मग एका नावाचे दोन तुकडे झाले अन् घोस्टस्क्रिप्ट नुसत्या ‘सातबारा’ नावाची फाइल शोधून राहिला होता. हे असं काहून होते ते मग मुळापासून वाचलं.

मूळ युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आहे. केन थॉम्पसन अन् डेनिस रिची यांनी बेल लॅब्समध्ये १९६९ पासून ते बांधलं, त्यात प्रोग्राम चालवायच्या दोन पायऱ्या, फोर्कने चालू प्रोसेसची, म्हणजे चालत असलेल्या प्रोग्रामची, दुसरी प्रत करायची अन् एक्झेकने त्या प्रतीत नवा प्रोग्राम भरायचा. आता लक्ष द्या राजेहो, एक्झेक लांबलचक ओळ मागतच नाही, त्याला प्रत्येक आर्ग्युमेंट, म्हणजे प्रोग्रामला दिलेलं प्रत्येक नाव किंवा ऑप्शन, वेगळं लागतं, म्हणून नावात स्पेस असली तरी कर्नेलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, काही फरक पडत नाही. ओळ तोडणं, स्टारच्या जागी फाइलींची नावं भरणं, अर्धविरामानंतर दुसरी कमांड चालवणं, ही सगळी शेलची, म्हणजे टाइप केलेली कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामची, कामं.

एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याला पोचवणारे पाइपही तिथलेच. डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच लिहून ठेवलं होतं की बागेतल्या पाण्याच्या नळ्या जोडतो तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता यावेत, अन् १९७३ मध्ये थॉम्पसनने ते युनिक्समध्ये आणलं. संत्र्याच्या बागेत ठिबक जोडणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

१९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत सी भाषेसाठी सिस्टीम अन् पीओपन ही दोन फंक्शनं होती. दोन्ही एक स्ट्रिंग घेतात अन् सरळ शेलच्या हातात देतात. सोयीचं होतं, कमांड लिहिणाराही आपणच अन् फाइलीही आपल्याच. गिडो व्हॅन रॉसमचं पायथन १९९१ मध्ये आलं, त्यातलं ओएस डॉट सिस्टीम म्हणजे सीच्या त्याच फंक्शनला मारलेली हाक. पुढे पीओपन२, पीओपन३, कमांड्स मॉड्यूल अशी भर पडत गेली, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

हा गोंधळ आवरायला पीटर ओस्ट्रांड यांनी २००३ मध्ये पेप ३२४ हा पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव लिहिला अन् नोव्हेंबर २००४ मध्ये पायथन २.४ सोबत बाहेरचे प्रोग्राम चालवणारं सबप्रोसेस मॉड्यूल आलं. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की आपण मुद्दाम मागितल्याशिवाय शेल मधात येतच नाही, प्रत्येक आर्ग्युमेंट वेगळं ठेवलेली लिस्ट द्यायची अन् ती जशीच्या तशी एक्झेकपर्यंत पोचते. म्हणजे नवीन काही नाही, कर्नेलची जुनीच रीत परत मिळाली. फाइल दुसऱ्याच्या मोबाइलवरून येते, नाव त्याने ठेवलेलं, त्यात अर्धविराम अन् पुढे फाइली उडवायची कमांड असली तर शेल तीही चालवून मोकळा होईल, म्हणून लिस्टच द्यावी असा मी इतका आग्रह धरतो.

लिस्टने एक गोष्ट मात्र सुटत नाही, नाव डॅशने सुरू झालं तर घोस्टस्क्रिप्ट त्याला ऑप्शन समजतो, म्हणून मी स्लॅशने सुरू होणारा फाइलीचा पूर्ण पाथ देतो.

स्क्रिप्ट मधातच अडकण्याचा प्रकारही जुनाच. लिनक्सवर पाइपमध्ये साधारण ६४ केबी मावते, आपण आउटपुट न वाचता नुसती वाट पाहत बसलो तर पाइप भरतो, समोरचा प्रोग्राम तिथेच थांबतो अन् दोघं एकमेकांची वाट पाहत राहतात, टोक बंद केलेल्या नळीसारखं. सबप्रोसेसमधली कम्युनिकेट ही आउटपुट वाचत राहणारी मेथड त्यासाठीच आहे, अन् २०१५ च्या पायथन ३.५ मध्ये आलेलं रन हे फंक्शन आतून तीच वापरतं.

तालुक्यात बहुतेकांकडे विंडोज आहे, तिथे गोष्ट उलटी. विंडोज नवीन प्रोसेसला एकच लांब ओळ देतो, म्हणून आपली लिस्ट सबप्रोसेस स्वतः कोट लावून जोडतो, अन् ती ओळ परत तोडायचं काम समोरच्या प्रोग्रामकडे जाते.