सीड मनीचा अर्ज: दुसऱ्या कॉलेजचं पत्र आणि एथिक्सची तारीख आधी बघा

यंदाही तेच झालं. आमच्या रिसर्च सेलकडे आलेल्या सीड मनीच्या अर्जांपैकी बरेच पहिल्या छाननीतच बाजूला पडले, आणि त्यातले दोन-तीन विषय इतके चांगले होते की खरंच जीवाला लागलं. एका अर्जात डायबेटिसच्या पेशंटच्या पायावर कुठे जास्त दाब येतो ते जखम व्हायच्या आधीच सांगणारा बुटातला सोल होता. कल्पनेत काही खोट नव्हती, फक्त जोडीदार म्हणून नाव घातलेल्या इंजिनियरिंग कॉलेजच्या प्राचार्यांची सही नव्हती.

सीड मनी म्हणजे विद्यापीठाने स्वतःच्या खिशातून आपल्या शिक्षकांना दिलेली सुरुवातीची रक्कम. तिच्यातून छोटा अभ्यास करायचा, हाती काहीतरी आलं की मग आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) किंवा बायरॅक (जैवतंत्रज्ञानातल्या संशोधनाला पैसे देणारी केंद्र सरकारची संस्था) यांच्याकडे मोठा प्रस्ताव घेऊन जायचं. नॅकच्या, म्हणजे कॉलेज-विद्यापीठांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, मूल्यांकनात शिक्षकांना किती सीड मनी दिली हे विचारतात, त्यामुळे विद्यापीठांना पैसे द्यायचेच असतात, कुणी मुद्दाम अडवायला बसलेलं नसतं. रक्कम आणि अटी प्रत्येक विद्यापीठाच्या वेगळ्या, त्या परिपत्रकात बघा. साधारणपणे मुख्य संशोधक कायम नोकरीतला शिक्षक लागतो, सीव्ही, बजेट, विभागप्रमुखांची शिफारस, हे सगळे जोडतातच.

आता अडतं कुठे ते सांगते.

पहिलं म्हणजे जोडीदार संस्थेचं पत्र. डॉक्टर आणि इंजिनियर एकत्र आले की चांगली उपकरणं होतात हे आपल्याकडे दिसलेलं आहे, आयआयटी मुंबईचं बेटिक हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र २०१४ पासून हेच करतंय. पण लोक काय करतात, मित्राचा ईमेल जोडतात, "मी सोबत आहे" असा. मित्र म्हणजे संस्था नव्हे! पत्र लेटरहेडवर, आवक-जावक क्रमांकासह, संस्थाप्रमुखांच्या सहीचं लागतं आणि त्यात कोण काय करणार, लॅब कोणाची, उद्या पेटंट झालं तर हक्क कोणाचा हे लिहिलेलं लागतं. शेवटच्या मुद्द्यावर प्राचार्य फाईल लीगलकडे पाठवतात आणि तिथे महिना सहज जातो. म्हणून कॉल, म्हणजे अर्ज मागवणारं परिपत्रक, निघायची वाट बघू नका, आत्ताच पत्र टाका.

दुसरं, एथिक्स, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला एथिक्स कमिटीची मंजुरी. इथे सगळ्यात जास्त अर्ज पडतात. इंजिनियरिंग किंवा फार्मसी कॉलेजात बऱ्याचदा एथिक्स कमिटीच नसते, आणि फॉर्ममध्ये मात्र दोन्ही संस्थांची मंजुरी जोडा असा रकाना असतो, मग माणूस तो रिकामा सोडतो आणि अर्ज अपूर्ण म्हणून परत येतो. अहो, आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सोय आहे, ज्या संस्थेला कमिटी नाही तिने दुसऱ्या संस्थेच्या कमिटीशी करार करून तिच्याकडून मंजुरी घ्यावी. तो करार जोडा, रकाना रिकामा ठेवू नका. (फॉर्म बनवणाऱ्यांनी ही एक ओळ खाली छापली असती तर किती जणांचं वर्ष वाचलं असतं.)

मंजुरीचं पत्र हातात आलं की नीट वाचा. शीर्षक अर्जातल्या शीर्षकाशी शब्दशः जुळतंय का? "सुधारणा करून पुन्हा सादर करा" असं पत्र म्हणजे मंजुरी नाही, तरी दरवर्षी कोणीतरी तेच जोडतं. बैठकीला किमान पाच सदस्य हजर होते का, त्यात संस्थेबाहेरचं कोणी होतं का, आणि तुमचे संशोधक स्वतः कमिटीवर असतील तर चर्चेच्या वेळी ते बाहेर गेले होते अशी नोंद आहे का, हेही बघा. कमिटीची स्वतःची नोंदणी चालू आहे ना तेही विचारा, २०१९ च्या नियमांनुसार आरोग्य संशोधन विभागाकडे ती लागते.

आणि कृपा करून मंजुरीआधी "थोडासा पायलट डेटा" गोळा करू नका. लोक अगदी प्रामाणिकपणे अर्जात लिहितात की आम्ही वीस पेशंट बघितले, आणि तिथेच संपतं, कारण झालेल्या कामाला मागून मंजुरी मिळत नाही. सीटीआरआय, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायलच्या नोंदवहीचंही तसंच, क्लिनिकल ट्रायल असेल तर १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घ्यायच्या आधीच नोंदणी लागते, नंतर करून चालत नाही.

मराठी संमतीपत्राकडे तर कोणी बघतच नाही. "यादृच्छिक पद्धतीने वाटप" असं लिहून आणतात, तालुक्याहून आलेल्या आजींना काय कळणार त्यातलं? "तुम्ही कोणत्या गटात जाल ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल" असं लिहा. वॉर्डातल्या एखाद्या मावशींना वाचून दाखवा, त्या जिथे अडतील तिथे वाक्य बदला. कमिटी या कागदावरूनच परत पाठवते, आणि बरोबरच करते.

परदेशी जोडीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी आयसीएमआरमार्फत घ्यावी लागते, तेव्हा छोट्या सीड मनीच्या पहिल्या वर्षात परदेशी नाव घालायचं का याचा खरंच विचार करा.

शेवटचं, तारखा. कॉलवरची मुदत बहुतेक वेळा सेलकडे हार्ड कॉपी पोचायची असते, पोर्टलवर बटण दाबायची नव्हे. पैसे जानेवारीत मंजूर झाले आणि ३१ मार्चपर्यंत खर्च दाखवा म्हटलं तर किट मागवायलाच वेळ उरत नाही, त्यामुळे कोटेशन आधीच घेऊन ठेवा आणि मुदतवाढीचं पत्र फेब्रुवारीतच द्या. युसी, म्हणजे पैसे कसे खर्च झाले त्याचं प्रमाणपत्र, वेळेत दिलं नाही तर दुसरा हप्ता अडकतो. यंदा तुमचा अर्ज परत आला असेल तर शेरा लेखी मागून घ्या, तोंडी "काहीतरी कमी होतं" यावर घरी जाऊ नका.